दादाच्या कागदाबद्दल

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "चाळिशी उलटली त्याची. आता कुणी स्वमग्न म्हणून लिहून दिलं तर काय दिवे लागणार आहेत?" तिथेच उत्तर दिलं असतं तर आपलं वाजलं असतं, म्हणून दादाच्या स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) प्रमाणपत्राबद्दल लिहिते आहे.

तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. सिव्हिलमध्ये चाळीस प्रश्नांची मोजपट्टी लावतात. प्रत्येकाला एक ते पाच गुण, बेरीज सत्तरच्या खाली असेल तर स्वमग्नता नाही. कुणाचं दळण जाडं आणि कुणाचं बारीक, हे गिरणीवर दादाला विचारावं लागत नाही, या जाणण्याला मात्र त्या मोजपट्टीत रकाना नाही. मिक्सर लावण्याआधी आई त्याला सांगते आणि तो परसात निघून जातो. एखाद्या थेरपिस्टने याहून वेगळं काय सांगितलं असतं?

उपचाराच्या मागे तर मी नाहीच. आत्याने पाठवलेली ती स्टेम सेलच्या इंजेक्शनची जाहिरात पुसून टाका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये असं सांगितलं आहे. स्वमग्नता घालवणारं औषध नाही. रिस्पेरिडोनसारख्या गोळ्या देतात त्या चिडचिड, आदळआपट कमी व्हावी म्हणून, आणि त्याने वजन वाढतं, सुस्ती येते. दादा कुठे आदळआपट करतो? लहान मुलांना स्पीच थेरपीचा उपयोग होतो, पण या वयात त्याला बदलायला मी निघालेले नाही.

मला कागद हवा आहे तो तुमच्या पेन्शनसाठी. बाबा, तुमच्यामागे आईला कुटुंबनिवृत्तीवेतन मिळेल. तिच्यानंतर ते दादाला आयुष्यभर मिळू शकतं, वयाची अट नाही. पण तो स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नाही, असं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. हे वाक्य तुम्हाला झोंबणार. मलाही झोंबलं, कारण तो रोज गिरणीवर जातो, घाम गाळतो. पण तिथे हातावर टेकवतात तेवढ्यात त्याचं पोट भरेल का, तुम्हीच सांगा. शिवाय 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यालाही प्रमाणपत्र लागतंच.

पालकत्वाचं मात्र माझं ठरत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची समिती अठरा वर्षांवरच्या माणसाला पालक नेमून देते. उद्या माळावरच्या जमिनीचं काही निघालं तर ते कामी येईल. पण दादा सही करतो, पैसे मोजून घेतो. त्याच्या वतीने सगळं मीच ठरवायचं, हे मनाला पटत नाही. आधी प्रमाणपत्र होऊ दे, हे नंतर बघू.

आणि "तेव्हाच का नाही दाखवलं" असं कुणी म्हटलं तर आई, तू गप्प बसू नकोस. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावही नव्हतं, ते २०१६ च्या कायद्यात आलं. तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरला काय सांगता येणार होतं? बाळंतपणातल्या तुझ्या तापाचंही डोक्यातून काढ. एके काळी अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टरसुद्धा आईच्या थंडपणाला दोष द्यायचे. ते सगळं पुढे खोटं ठरलं.

मी पुढच्या महिन्यात येते. त्याचा शाळेचा दाखला, आधार आणि बाबांचे पेन्शनचे कागद काढून ठेवा. नंबर लावायला सकाळी मी एकटीच पुढे जाईन. आपली पाळी जवळ आली की फोन करते, मग बाबा, तुम्ही त्याला रिक्षाने घेऊन या, म्हणजे त्या गोंगाटात बसावं लागणार नाही. आणि त्याला आठवडाभर आधीपासून सांगत राहा. ऐनवेळी सांगितलं तर तो चपलाही घालणार नाही.

तुमची,
सुमी