‘कोण खातं?’ असाही एक रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आपल्या दैनिकात रानभाज्यांचं पान येतं. टाकळा कोवळा असतानाच का खुडायचा, शेवळं काकडं घालून का शिजवायची, भारंगी उकळून पिळून का घ्यायची, सगळं नीट दिलेलं असतं. मी ती कात्रणं जपून ठेवते. यंदाचं पान वाचताना मात्र वाटलं, ही झाडं केवळ आपल्या कढईसाठी उगवतात असा कुणाचा समज व्हायचा. त्यांच्यावर आपल्याआधी जेवून जाणाऱ्यांचा त्यात एका शब्दानंही उल्लेख नव्हता.

सहा वर्षांपूर्वी नागपंचमीच्या आदल्या दिवशी पातोळ्यांसाठी हळदीची पानं काढायला परड्यात गेले होते. एक पान कडेनं दुमडून धाग्यानं टाचलेलं होतं. एरवी फेकूनच दिलं असतं. त्या दिवशी उलगडून पाहिलं. आत काळ्या डोक्याची हिरवट अळी. बरणीत ठेवली, रोज ताजं पान घातलं. तिचा कोष झाला आणि पुढे त्यातून काळपट तपकिरी, मागच्या पंखांवर ठळक पांढरा डाग असलेलं फुलपाखरू निघालं. त्याला ग्रास डेमन म्हणतात हे नंतर कळलं. सड्यावरच्या रानहळदीवरही हीच अळी सापडली. तेव्हापासून एक वही घातली आहे. ‘लोक कीड मारतात, वहिनी पाळतात,’ असं माझे दीर पाहुण्यांना सांगतात.

त्या वहीतलं पहिलं वर्ष जवळजवळ वाया गेलं. जे ज्या झाडावर बसलेलं दिसे, ते तेच खातं असं मी लिहीत गेले. घाणेरीच्या फुलावर नीलवंत दिसलं, लिहिलं ‘खाद्य: घाणेरी’. नीलवंत, म्हणजे 2015 साली आपल्या राज्याचं फुलपाखरू ठरलेलं ते मोठं काळं-निळं. ते घाणेरीवर फक्त मध प्यायला येतं. त्याच्या अळ्या वाढतात माकडलिंबूवर आणि लिंबाच्या जातीतल्या इतर झाडांवर. घाणेरी वाढवून नीलवंत टिकणार नाही, बांधावरचा माकडलिंबू तोडला तर मात्र नक्की जाईल. आता प्रत्यक्ष चावताना पाहिल्याशिवाय मी लिहीत नाही. पान, फूल, फळ की साल, तेही लिहिते.

टाकळ्यावर पिवळी छोटी फुलपाखरं घुटमळतात, त्यांच्या अळ्या टाकळ्याच्याच रंगाच्या असतात. भाजी निवडताना त्या दिसत नाहीत, यावर आमच्याकडे फार चर्चा होत नाही. तेऱ्याच्या, म्हणजे रानअळवाच्या, पानांवर शेपटीला शिंग आणि अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली जाड अळी येते. ती रात्री उडणाऱ्या पतंगाची. रुईच्या चिकाला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत, पण प्लेन टायगरची अळी तीच पानं खाते आणि त्यातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्या केशरी फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत. भेरली माडाची फळं हाताला खाज आणतात, ती उदमांजर खातं. पुरावा सकाळी गडग्यावर पडलेला असतो, बियांसकट. मी काडीनं उकरून पाहते. घरात हे कुणाला सांगत नाही.

अशी माहिती कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. मुलगा ऐरोलीला असतो. एका पावसाळ्यात त्याचा फोन आला, ‘आई, खाडीतली तिवरं जळल्यासारखी झालीत, कुणीतरी औषध टाकलं म्हणतात.’ मी म्हटलं, आधी फांदीखाली जाऊन बघ. काळपट अळ्या धाग्यांनी लोंबकळत होत्या. आपल्याकडे पावसाच्या सुरुवातीला सागाची पानं फस्त करते तीच अळी तिवरंही खाते, मुंबईच्या खाड्यांमध्ये तशी नोंद आहे. पुढे तिवरांना नवी पालवी फुटली.

या किनाऱ्याला हे काम नवं नाही. 1890 च्या दशकात कारवारकडे डेव्हिडसन, बेल आणि एटकेन या तिघांनी घरी अळ्या वाढवून कोणती कशावर जगते ते टिपलं आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. त्यांतला बेल जंगल खात्यातला, एटकेन तर मीठ आणि जकात खात्यातला. मिठागरं सांभाळून त्याला हे जमत होतं.

जैवविविधता कायदा 2002 चा. त्यानुसार गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. आमच्या गावची मी पाहिली. झाडाचं नाव, कुठे सापडतं, उपयोग काय. उपयोगाच्या खाली भाजी, औषध, सरपण. माकडलिंबूपुढे ‘विशेष उपयोग नाही’. हे वाचून कलमांच्या बागेत तणनाशक मारणाऱ्याचा हात थांबेल कसा? त्या पानावर ‘कोण खातं’ असा एक रकाना वाढवावा. गुराखी, काजू वेचणाऱ्या बाया, शाळेतली पोरं तो भरू शकतील, कारण त्यांना बरंच आधीच ठाऊक आहे. आणि आपण पुढच्या वर्षी रानभाज्यांचं पान काढाल तेव्हा प्रत्येक भाजीखाली तिच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाची एक ओळ छापावी. माझी वही द्यायला मी तयार आहे, अक्षर तेवढं सांभाळून घ्यावं.

भारंगीची ओळ मात्र अजून रिकामी आहे. पंधरा दिवस तिच्या पानांना भोकं पडताहेत आणि दिवसा कुणी सापडत नाही. आज जेवणं उरकली की बॅटरी घेऊन जाणार आहे.

आपली एक वाचक,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी