२५ एमबीत फुगडी मावत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गणेशोत्सव जवळ आला की तुमच्याकडून दरवर्षी आवाहन येतं, मंडळाच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ मेलवर पाठवा, फाइल २५ एमबीच्या आत असावी. मी इंदूरला राहते, आमच्या कॉलनीतल्या मंडळाचं शूटिंग आणि एडिटिंग बरीच वर्षं मीच करते आहे आणि मला या २५ एमबीबद्दलच लिहायचंय. मेलमध्ये त्याहून मोठी फाइल जात नाही हे मला ठाऊक आहे, पण तेवढ्यात बसवायला लोकं चांगल्या व्हिडिओचं जे करून ठेवतात ते बघवत नाही हो.

साधा हिशोब करून बघा. एका एमबीत ८ मेगाबिट, तेव्हा २५ एमबी म्हणजे २०० मेगाबिट. मुलांचं नाटुकलं पाच मिनिटांचं धरलं तर ३०० सेकंद झाले, म्हणजे एका सेकंदाच्या वाट्याला पाऊण मेगाबिटसुद्धा येत नाही आणि त्यातच आवाजही बसवायचा. सेकंदाला किती डेटा मिळतो तो बिटरेट, फाइल किती मोठी होणार ते यावरच ठरतं. १०८०पीचा (म्हणजे चित्रात ठिपक्यांच्या १०८० आडव्या ओळी असलेला) साधा, सेकंदाला ३० फ्रेमचा म्हणजे ३० चित्रांचा व्हिडिओ अपलोड करायला यूट्यूब स्वतः सेकंदाला ८ मेगाबिट सुचवतं, ७२०पीला ५ आणि ४८०पीला अडीच. आता पाऊण मेगाबिटमध्ये १०८०पी कोंबला तर काय होणार? पण लोकं नेमकं तेच करतात, कारण १०८० हा आकडा दिसतो आणि बिटरेटचा आकडा कुणी उघडून बघतच नाही.

आमच्याकडे बायकांना मी असं सांगते की पुरण म्हणजे बिटरेट आणि पोळ्या म्हणजे पिक्सेल, चित्रातले ठिपके. १०८०पीमध्ये साधारण २१ लाख पिक्सेल असतात, फोर केमध्ये त्याच्या चौपट. पुरण तेवढंच ठेवून चौपट पोळ्या लाटल्या तर पुरण लागेल का जिभेला? म्हणून कमी बिटरेटच्या फोर केपेक्षा भरपूर बिटरेटचा १०८०पी केव्हाही चांगला दिसतो, हे मी आमच्या मंडळात दोन्ही शेजारीशेजारी लावून दाखवलंय.

सगळ्या कार्यक्रमांना पुरण सारखं लागत नाही हेही लक्षात घ्या. व्हिडिओ लहान होतो तो मुख्यतः आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच साठवून. कीर्तनात मागचा पडदा, समई, पेटीवाला सगळं जागच्या जागी असतं, हलतात ते बुवांचे हात आणि चेहरा, त्यामुळे ४ मेगाबिटमध्येही बऱ्यापैकी भागतं. पण आमच्या इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक घ्या! राजवाड्यासमोर मशीनने गुलाल उडतो, वरून पाण्याचे फवारे, हजारो माणसं नाचतायत, प्रत्येक फ्रेममध्ये सगळं चित्रच बदलतं, तिथे १२ मेगाबिट दिले तरी गुलालाच्या ढगात चौकोन दिसायला लागतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या झांक्यांचं, म्हणजे चित्ररथांचं दुखणं वेगळं, अंधारात फोनचा कॅमेरा जो बारीक रवा आणतो ना चित्रात, तो दर फ्रेमला बदलतो आणि अर्धा बिटरेट त्या रव्यातच खर्च होतो. म्हणून मी हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक बिटरेट न देता क्वालिटीचा आकडा देते, १०८०पीला आरएफ २० ते २४ च्या मध्ये, आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. मग कीर्तनाची फाइल आपोआप छोटी होते आणि गेरची मोठी. ती मोठी होऊ द्यावी, तिला गरज आहे.

आवाजावर काटकसर करणाऱ्यांचं तर मला खरंच वाईट वाटतं. एका तासाच्या कार्यक्रमात आवाज ३२० किलोबिटवरून ६४ वर आणला तर वाचतात जेमतेम ११५ एमबी, आणि ८ मेगाबिटच्या चित्राचे होतात ३६०० एमबी. एवढ्याशा बचतीसाठी झांजेचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो, टाळ चिरके लागतात. कशासाठी?

हे सगळं मला इतकं का लागतं तर माझ्या आत्यामुळे. २०१९ साली घरी मंगळागौर होती, आत्या तेव्हा सत्तरीची, ११ मिनिटं गाणी म्हटली तिने आणि शेवटी फुगडीही घातली. भाच्याने फोनवर छान १०८०पीमध्ये शूट केलं, सव्वा जीबीच्या वर फाइल होती. ती चार तुकडे करून व्हॉट्सअॅपच्या घरच्या ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी बघितली, वा वा झाली, आणि फोनचं स्टोरेज भरलं म्हणून मूळ फाइल डिलीट केली. आता आत्या नाही. आमच्याकडे उरलेत ते चार तुकडे, प्रत्येक १६ एमबीच्या आतला. ती बसून गातेय तोवर चेहरा ओळखू येतो, पण फुगडी सुरू झाली की नऊवारीचे काठ विटांसारखे होतात, कुंकू कपाळात मिसळतं आणि डोळे दिसतच नाहीत. मी बरेच प्रयत्न केले, शार्प करून बघितलं, मोठं करून बघितलं, पण एकदा काढून टाकलेलं परत येत नाही. तेव्हा मूळ फाइल एखाद्या कॉम्प्युटरवर काढून ठेवली असती तर आज आत्याचे डोळे दिसले असते. आता तर व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते, लोकांना माहीतच नसतं.

तर विनंती अशी की यंदाच्या आवाहनात फाइल न मागता गूगल ड्राइव्हची लिंक मागा. मेलवरच हवी असेल तर पूर्ण कार्यक्रम दाबून पाठवा असं नको, एक मिनिटाचा चांगला तुकडा कापून पाठवा असं लिहा. एका मिनिटाला २५ एमबी म्हणजे सेकंदाला ३ मेगाबिटच्या वर, ७२०पीमध्ये स्टेजवरचं नाटक त्यात स्वच्छ दिसतं. ज्यांना पूर्ण तास यूट्यूबवर टाकायचाय त्यांनी १०८०पीच टाकावा, साडेतीन जीबीची फाइल ५ मेगाबिटच्या अपलोड स्पीडला दीड तासाच्या आसपास जाते, तेच फोर के ४५ मेगाबिटने केलं तर २० जीबी आणि नऊ तास. इंटरनेटवाले १०० मेगाबिट सांगतात तो बरेचदा डाउनलोडचा आकडा असतो, अपलोडचा वेगळा विचारून घ्यावा. आणि कीर्तन-नाटकाला ६० फ्रेम कशाला, ३० पुरतात.

आणखी एक ओळ आवाहनाखाली ठळक अक्षरात छापाल का, मूळ फाइल पाठवल्यानंतर पुसू नका. आमच्या मंडळाने यंदा वर्गणीतून एक टेराबाइटची हार्ड डिस्क घेतलीय, ती खजिनदारांच्या कपाटात जमाखर्चाच्या वहीशेजारी ठेवतो.

आपली,
एक वाचक, इंदूर