बिनग्लोव्हजचा बेसबॉल

होबोकन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर

प्रिय दिन्या,

बेसबॉलमध्ये बघण्यासारखं असतं तरी काय, असं फोनवर खवचटपणे विचारलंस ना? आजचे सामने सोड, मला नाद लागलाय तो या खेळाच्या लहानपणाचा. तू शाळेत विकेटकीपर होतास, तुला यातली गंमत लगेच कळेल.

आमच्या होबोकनमध्ये अकराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक पाटी आहे. तिथे पूर्वी एलिशियन फील्ड्स नावाचं मैदान होतं. मॅनहॅटनमध्ये खेळायला जागा पुरेना, म्हणून न्यूयॉर्कच्या निकरबॉकर या जुन्या बेसबॉल क्लबची मंडळी फेरीबोटीने हडसन ओलांडून इथे यायची. १९ जून १८४६ रोजी ती न्यूयॉर्क नाइन नावाच्या संघाशी खेळली आणि २३-१ अशी सपाटून हरली. नियम यांचेच, मैदान यांचंच, आणि मार खाल्ला तोही यांनीच!

क्लबात डॉक्टर अ‍ॅडम्स होते, पेशानेही डॉक्टरच. चेंडू ते स्वतः बनवायचे. रबराचे तुकडे घ्यायचे, त्यांवर सूत गुंडाळत जायचं आणि वरून कातडं चढवायचं. हे शेवटचं काम काही केल्या जमेना. अखेर एका स्कॉटिश खोगीरवाल्याने चाबकासाठी वापरतात तसलं घोड्याचं कातडं कसं चढवायचं ते दाखवलं. पण चेंडू एवढा हलका, की लांबून केलेला थ्रो २०० फूटसुद्धा जाईना. मग मधे एक माणूस उभा केला, आलेला चेंडू घेऊन पुढे पोचवायला. हाच तो शॉर्टस्टॉप! पुढे चेंडू जड आणि घट्ट झाला, त्याची हमाली सुटली, आणि तो आत, बेसांच्या जवळ सरकला.

१८६४ पर्यंत आपल्या गल्लीसारखं एक टप्पा झेललं तरी आउट धरायचे. हातात अर्थात काही नाही. १८७५ साली सेंट लुईसच्या चार्ल्स वेटने ग्लोव्ह घातला, तोही कातडीच्या रंगाचा, म्हणजे कुणाच्या नजरेत यायला नको. त्या काळचा नावाजलेला पिचर (चेंडू टाकणारा) स्पॉल्डिंगने विचारलं, तर बिचारा ओशाळला. दोन वर्षांनी याच स्पॉल्डिंगने चक्क काळा ग्लोव्ह घातला. शिकागोत त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं, त्याला कसली लाज!

मैदानांची तऱ्हा तर विचारूच नकोस. १८८४ साली शिकागोत डावीकडचं कुंपण जेमतेम १८० फुटांवर होतं. नेड विल्यमसनने त्या हंगामात २७ होमरन (आपल्या षटकारासारखे, कुंपणापार गेलेले फटके) मारले, त्यातले २५ घरच्या मैदानावर. हा विक्रम मोडायला थेट १९१९ साली बेब रूथ यावा लागला. मला विचारशील तर यातला अर्धा मान कुंपणाचा.

आणि तुझ्या जातभाईंचं ऐक. कॅचरचा, म्हणजे बेसबॉलच्या विकेटकीपरचा, मुखवटा आला १८७७ मध्ये, हार्वर्डच्या फ्रेड थायरने तलवारबाजीच्या मुखवट्यावरून केलेला. पायाला पॅड बांधून न्यूयॉर्क जायंट्सचा कॅचर रॉजर ब्रेस्नहान उतरला १९०७ मध्ये, तेही आपल्या क्रिकेटच्या पॅडसारखे, आणि लोकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. तोवर नडग्या उघड्याच!

काकूंना नमस्कार. पत्राचं उत्तर पत्रानेच दे, व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा नको.

तुझा,
मंदार