कुंतीची न कापलेली पाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किशोरवयात आवडलेल्या कादंबऱ्यांवरील रविवारच्या लेखात, 'मृत्युंजय' पंधराव्या वर्षी वाचावी आणि पुन्हा उघडू नये, असे लिहिले आहे. ते वाचून वाईट वाटले आणि रागही आला.

भाषा अलंकारिक आहे, उपमांची दाटी आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. गेल्या महिन्यात पुन्हा वाचताना काही पाने मीही भराभर उलटली. पण कर्णाची आत्मकथा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कादंबरीत कर्णाखेरीज कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण हेही आपापले सांगतात, याचा लेखात उल्लेखही नसावा?

1986 साली, नववीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचलेली प्रत माझ्याकडे अजून आहे. कर्णाच्या भागात 'सूतपुत्र' हा शब्द येईल तिथे पेन्सिलीच्या दोन-दोन रेघा आहेत. कुंतीच्या भागात एकही रेघ नाही. उलट बांधणीत कापायची राहिलेली दोन पाने वरच्या कडेला अजून जोडलेलीच निघाली, म्हणजे तो भाग मी वाचलाच नव्हता. ती पाने मी परवा स्वयंपाकघरातल्या सुरीने कापली.

माझ्या आईला सहाव्या वर्षी तिच्या निपुत्रिक मावशीकडे कायमचे दिले होते. त्या सुट्टीत भाकऱ्या थापताना ती दोनदा म्हणाली होती, "कुंतीचं वाच की मोठ्यानं." मला कर्णाचा रथ सोडवत नव्हता. शूरसेनाने आपली मुलगी पृथा, म्हणजेच कुंती, कुंतिभोजाला देऊन टाकली, तिला कोणी विचारले नाही, हे चोपन्नाव्या वर्षी वाचताना आईने तोच भाग का मागितला होता ते कळले, आणि आता ऐकायला ती नाही. 1967 साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा शिवाजी सावंत जेमतेम पंचविशी ओलांडलेले, कोल्हापुरात शाळेत शिकवणारे तरुण होते. त्या वयात त्यांना कुंतीच्या तोंडून हे लिहिता आले, याचे मला फार मोल वाटते.

रविवारच्या लेखाच्या लेखकांनी कुंती आणि वृषाली यांचे भाग पुन्हा वाचून आपले मत कळवावे. तसेच जानेवारीपासून अर्ध्या रकान्यावर आणलेला पुस्तक परिचय पूर्वीसारखा पानभर द्यावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, कराड