दहा गुंठ्यांत सेंद्रिय शेती, पण आधी माती तर बघा

संपादक साहेब, नमस्कार.
हल्ली नोकरी सोडून सेंद्रिय शेती करणाऱ्यांच्या स्टोऱ्या सगळीकडे येतात, वाचायला भारी वाटतं, पण त्यात लाखांचे आकडे असतात आणि मातीबद्दल दोन ओळी पण नसतात. आमच्याकडे बरेच जण ते वाचून मे महिन्यात ट्रॉलीभर शेणखत आणून टाकतात, अर्धं कच्चंच, हात घातला तर आतून गरम लागतं आणि वास मारतो, मग पावसात हुमणी (मुळं खाणारी अळी) झाली की सेंद्रियला शिव्या. अहो खत नीट कुजलेलं पाहिजे, काळं, भुसभुशीत, वास आला तर पावसाळी मातीचा.

आधी माती परीक्षण करा, झाडाखालची किंवा उकिरड्याजवळची माती घेऊ नका, शेतात चार-पाच ठिकाणची वीतभर खोल घ्या. जमीन अगदीच मेलेली असेल तर पहिल्या पावसावर ताग नाहीतर धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं पेरा, फुलोऱ्यात आली की मातीत गाडून टाका (दीड महिना पीक नाही म्हणून घरचे ओरडतात, ओरडू दे). जीवामृताचं (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पाण्यात आंबवून करतात ते) 200 लिटरचं माप एकराचं आहे, दहा गुंठ्यांना 50 लिटर बास झालं.

आणि सेंद्रियच्या सर्टिफिकेटचं म्हणाल तर हंगामी पिकाला सुद्धा निदान 2 वर्षं रूपांतराचा काळ (रासायनिक सोडून सेंद्रियवर येण्याचा) धरतात, तोपर्यंत सेंद्रियचा भाव कोण देणार? त्या 2 वर्षांत घर कसं चालवलं हे पण छापा की, आम्हाला तेच वाचायचंय.

– एक वाचक, सातारा