चित्राखाली चित्रकाराचेही नाव हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या अडीचशे वर्षांनिमित्त आपल्या पुरवणीत आलेल्या लेखासोबत पॉल रिव्हिअर या बॉस्टनच्या चांदीकाम करणाऱ्या, स्वातंत्र्यवादी कारागिराचे व्यक्तिचित्र छापले होते, परंतु चित्रकाराचा उल्लेख कोठेही नव्हता. ते चित्र जॉन सिंगल्टन कॉप्ली (१७३८-१८१५) याने १७६८ मध्ये बॉस्टन येथे रंगवले. अंगात कोट नाही, सदऱ्याच्या बाह्या सैल, एका हातात चांदीची किटली, समोर कोरणीची हत्यारे, आणि किटलीच्या झिलईत उमटलेले बोटांचे प्रतिबिंब! भरजरी कपड्यांत चित्र काढून घेण्याच्या त्या काळात एका कारागिराला त्याच्या कामासह असे मानाने बसवणे ही मला कॉप्लीची सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

त्याची आई बॉस्टनच्या धक्क्यावर तंबाखूचे दुकान चालवी. सावत्र वडील पीटर पेलहॅम धातूच्या पत्र्यांवर चित्रे कोरून छापत. तेही कॉप्ली तेरा वर्षांचा असताना वारले. गावात चित्रशाळा नव्हती, त्यामुळे युरोपातील थोरांची चित्रे त्याने पाहिली ती बहुतांशी छापील, बिनरंगी प्रतींतून. तरीही सावत्र भावाचे त्याने काढलेले, पाळीव खारीसोबतचे चित्र १७६६ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात गेले, तेव्हा जोशुआ रेनॉल्ड्ससारख्या नामवंत इंग्रज चित्रकाराने त्याची वाखाणणी केली. आपल्या गावचे लोक चित्रकलेला सुतारकाम किंवा शिवणकाम यांसारखाच एक उपयोगी धंदा समजतात, ही कॉप्लीची खंत त्याच्या पत्रांत आहे.

त्याने स्वातंत्र्यवादी सॅम्युअल अ‍ॅडम्स रंगवला, तसाच ब्रिटिश सेनापती थॉमस गेजही. परंतु पुढे दोन्ही बाजूंशी संबंध राखणे अशक्य झाले. १७६९ मध्ये ज्यांच्या मुलीशी त्याने लग्न केले, ते रिचर्ड क्लार्क हे ईस्ट इंडिया कंपनीचा (आपल्या परिचयाच्या त्याच कंपनीचा) चहा बॉस्टनमध्ये उतरवून घेणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी एक होते. १७७३ च्या अखेरीस ब्रिटिश कराच्या निषेधार्थ स्वातंत्र्यवाद्यांनी तो चहा समुद्रात फेकला; त्यापूर्वी कॉप्लीने ते आणि व्यापारी या दोन्ही पक्षांत मध्यस्थी करून पाहिली. ती निष्फळ ठरली. जून १७७४ मध्ये त्याने बॉस्टन सोडले आणि मृत्यूपर्यंत तो मायदेशी परतला नाही.

हे चित्र पुन्हा छापाल तेव्हा कॉप्लीचे नाव अवश्य द्यावे आणि जागा असल्यास शेजारी त्यानेच काढलेले गेजचे चित्रही द्यावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा