आधी पेटीचा सा

नेरूळ, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न.

तुम्ही घरीच रेकॉर्ड करणार आहात त्या सहाही गाण्यांचे मोबाइलवरचे नमुने ऐकले. बाबा, माइक कुठला घ्यायचा हे तुम्ही तीनदा विचारलंत. ते शेवटी. आधी पेटीचा सा बघा.

तुम्ही काळी एकवर गाता, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा तुमचा सा. मधल्या सप्तकात तो स्वर २७७.१८ हर्ट्झ धरतात, पण आपल्या जुन्या पेटीची काळी एक नेमकी तिथेच असेल असं नाही. मोबाइलवर ट्यूनर उघडा, भाता एकसारखा ठेवून तो स्वर दहा सेकंद धरा. (दाब बदलला की सूरही किंचित हलतो.) ट्यूनरने ८ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर दाखवलं, तर तानपुऱ्याच्या ॲपचा सूरही ८ सेंट वर चढवा. पेटी जागची हलत नाही, म्हणून तानपुऱ्याने तिच्याकडे जायचं. हे राहिलं तर दोघांचे सूर एकमेकांवर घासतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं गाणारा बेसूर आहे. मागाहून ते निस्तरणं फार जिकिरीचं.

मग ठेका. भजनी ८ मात्रांचा. मिनिटाला ८० मात्रा धरल्या तर एक आवर्तन बरोबर ६ सेकंदांचं. आधी ठेका आणि तानपुरा, त्यावर पेटी, शेवटी गळा. पेटी वाजवत गायची सवय आहे हे माहीत आहे, पण तसं घेतलं तर गळ्याच्या माइकमध्ये पेटीही शिरते आणि एक ओळ चुकली की दोन्ही पुन्हा करावं लागतं. पेटी घेताना मनात गा.

आई, आता तुझ्या शब्दांबद्दल. ‘उंबऱ्यात दिवा निजे’ या ओळीत सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ‘नि’वर येते आणि चाल तिथे चार मात्रा थांबते. ऱ्हस्व ‘नि’ ओढून ‘नीजे’ होतो. ‘जागे’ करून बघ. ‘जा’ दीर्घ आहे, वर तोंड उघडं राहतं, तार सप्तकात ‘ई’पेक्षा ‘आ’ सुटा लागतो. अर्थ उलटतो हे खरं, त्यामुळे निर्णय तुझाच. ‘फणसाच्या झाडाखाली’ मात्र बदलू नकोस. फ, भ, प यांचा वारा माइकवर आदळून ‘भप्प’ होतं, त्याला उपाय आहे: तोंडापासून सहा-आठ इंचांवर माइक, मध्ये पॉप फिल्टर (वारा अडवणारी जाळी), आणि माइक किंचित तिरका, म्हणजे श्वास त्याच्या बाजूने निघून जातो.

खोली आतलीच घ्या, कपाटाची. गोधड्या माइकच्या मागे टांगायचं सगळ्यांच्या डोक्यात येतं. पण गाण्याचा माइक मागचं कमी ऐकतो, समोरचं जास्त. गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून उलटणारा आवाज थेट त्याच्या तोंडावर येतो. म्हणून गोधडी बाबांच्या पाठीमागे, दुहेरी, भिंतीपासून वीतभर सोडून. पंखा बंद. ठाण्याच्या उकाड्यात मग वीस मिनिटांहून जास्त बसवत नाही, तेव्हा एका बैठकीत एकच गाणं. वेळ दुपारी दोन ते चार. पंपाची वेळ सोसायटीच्या वॉचमनला विचारून ठेवा. एकसारखी घूं आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घ्या, बरेचदा तिथेच जाते.

माइक डायनॅमिक घ्यायचा. कंडेन्सर नाजूक आवाज छान टिपतो, त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, पण तो शेजारच्यांचा कुकरही टिपतो. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत जोरातली तान घेऊन काटा उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन (माइकचा आवाज किती आत घ्यायचा ते) ठेवा. शून्याला टेकून फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. हेडफोन वायरचाच. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि तुम्ही ठेक्याच्या मागे गाऊ लागाल. प्रत्येक गाणं तीनदा पूर्ण गा, ओळीओळीने नको. निवडताना जोड श्वासाच्या जागी देता येतो.

एक गोष्ट खटकते. सहाही गाणी काळी एक आणि बहुतेक भजनीत, सलग ऐकली तर एकच लांब गाणं वाटतं. चौथं गाणं मध्यमाला, म्हणजे ‘म’ला, सा धरून म्हणून बघा, आणि पावसाचं दादऱ्यात, ६ मात्रांत. तेवढ्याने कान ताजे होतील.

गाणी ऑनलाइन काढायचा अर्ज भरताना, आई, गीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहू नकोस. शब्द तुझे आहेत. १९५७च्या कायद्याने ते तुझ्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं सुरक्षित असतात. तुकोबांच्या अभंगाला ती अडचण नाही, शब्द सर्वांचे, चाल बाबांची. दुसऱ्या कुणा संगीतकाराची गाजलेली चाल असती तर परवानगी लागली असती. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल लागतं. अंगणातल्या तुळशीचा फोटो चालेल, पण मोबाइल आडवा-उभा न करता चौरसच काढा.

शनिवारी ट्रान्स-हार्बर लोकलने येते. तीन मीटरची केबल आणि स्टँड मी आणते. कुकर सकाळीच लावून घे.

तुमची,
धाकटी